मोठ्या बोअरची दारू : जोराचा भ्रम

१/
जुन्या शिकारकथा आणि संस्थानिकांच्या बंदुका यांच्यावर चर्चा निघाली की एक वाक्य हमखास ऐकू येते : "त्या रायफलीत कॉर्डाइट भरत असत, म्हणून तिला तेवढा जोर." त्याच्या पाठोपाठ दुसरे येते : "आताची दारू निराळी असली तरी हिशेब तोच; वजन थोडे इकडेतिकडे केले की झाले." यातले पहिले वाक्य अर्धे खरे आहे. दुसऱ्यापायी बंदुका फुटल्या आहेत. हा थ्रेड मुख्यतः त्या दुसऱ्या वाक्याविरुद्ध आहे. पण पहिले मोडल्याशिवाय दुसरे मोडत नाही, म्हणून थोडा इतिहास.

२/
या गैरसमजात आपल्या भाषेचाही थोडा हात आहे. गडावरच्या कोठारातली ती दारू, कॉर्डाइट तीही दारू, आणि अमेरिकेत डब्यातून विकली जाणारी गोल दाण्यांची तीही दारूच. एकच शब्द असल्यामुळे आपण मनोमन धरून चालतो की पदार्थ एकच. फक्त एक पहिल्या धारेची आणि दुसरी पाणी घातलेली. बंदुकीच्या दारूत असा एकच चढता क्रम नसतो. तिथे खरा प्रश्न ती किती जोरदार हा नसून ती किती वेळात जळते आणि पुंगळीत किती जागा व्यापते, हा आहे.

३/
आधी एक खुलासा. झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी पुन्हा घ्यायची, तिला नवी टोपी बसवायची, दारू तोलून ओतायची आणि वर नवी गोळी दाबून बसवायची, हा उद्योग अमेरिका, युरोप, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया येथे कायदेशीर छंद म्हणून चालतो. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमानुसार दारूगोळा तयार करायला परवाना लागतो. तेव्हा इथे जे लिहिले आहे ते इतिहास म्हणून वाचावे. कृती म्हणून वाचू नये. मापे मी मुद्दामच दिलेली नाहीत. जिथे आकडे आहेत ते शंभर वर्षांपूर्वीच्या कारखान्यांचे आहेत.

४/
काळ्या दारूपासून सुरुवात करू. सोरा ७५, कोळसा १५, गंधक १० हे तिचे रूढ प्रमाण. तिचा एक गुण असा की दाब वाढला तरी तिच्या जळण्याचा वेग फारसा भडकत नाही. म्हणून ती मापाने भरत. वजनाची फार चिकित्सा नसे. पुंगळी भरेपर्यंत ओतायची आणि गोळी तिच्यावर टेकवायची. मध्ये पोकळी राहिली तरच नळी फुगण्याचा धोका. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सव्वातीन इंची .४५० एक्सप्रेस रायफलीच्या पुंगळीत साधारण १२० ग्रेन काळी दारू जाई (१ ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम). पुंगळी तेवढी लांब होती ती या दारूच्या आकारमानामुळे. हे लक्षात ठेवा. पुढचा सगळा घोळ इथून निघतो.

५/
आणि काळ्या दारूतही निवड होतीच. पिस्तुलासाठी बारीक दाणा, रायफलीसाठी जाड, तोफेसाठी त्याहून जाड. दाणा जाड म्हणजे पृष्ठभाग कमी, म्हणजे जळणे सावकाश. अमेरिकन सैन्यातील टॉमस रॉडमन याने १८६० च्या आसपास याच्या पुढचे पाऊल टाकले. प्रचंड तोफा फुटत होत्या. त्याने दारूच्या वड्या पाडून त्यांना आरपार भोके ठेवली. वडी बाहेरून जळताना लहान होत जाते, पण भोक आतून जळताना मोठे होत जाते. त्यामुळे गोळा नळीत पुढे सरकत असताना वायूचा पुरवठा आटत नाही. रॉडमनने दारूचा मसाला बदलला नव्हता. तोच सोरा, तोच कोळसा, तोच गंधक. बदलला तो केवळ आकार, आणि त्यानेच तोफ वाचली. "जोर" या शब्दाच्या भक्तांनी या एका उदाहरणावर जरा थांबावे.

६/
१८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने नायट्रोसेल्युलोजची बिनधुराची दारू सिद्ध केली. १८८७ मध्ये आल्फ्रेड नोबेलने बॅलिस्टाइट आणले. १८८९ मध्ये फ्रेडरिक एबल आणि जेम्स ड्यूअर यांनी ब्रिटनसाठी कॉर्डाइट बनवले : ५८ भाग नायट्रोग्लिसरीन, ३७ भाग गनकॉटन, ५ भाग खनिज जेली, म्हणजे आपली व्हॅसलीन. ही जेली नळीला वंगण म्हणून घातली होती. वंगण म्हणून तिचा फारसा उपयोग झाला नाही, पण साठवणीत दारू बिघडू न देण्याचे काम तिने चोख केले. हे मिश्रण शेवयांसारखे दोऱ्यांत काढत, म्हणून 'कॉर्ड'वरून कॉर्डाइट.

७/
आता "जोरदार म्हणजे चांगली" हा सिद्धान्त खुद्द कॉर्डाइटलाच लावून पाहू. पहिल्या कॉर्डाइटच्या ज्वाला इतक्या तप्त होत्या की नळ्यांचे आतले पोलाद खाल्ले जाई. म्हणून ब्रिटिशांनी १९०१ मध्ये मिश्रण बदलले. नायट्रोग्लिसरीन ५८ वरून ३० वर आणले, गनकॉटन ६५ वर नेले, जेली ५ च राहिली. याचे नाव कॉर्डाइट एमडी. साम्राज्याच्या ऐन भरात, सर्वांत मोठ्या नौदलाच्या मालकांनी जाणूनबुजून सौम्य दारू पत्करली आणि पुढची अनेक वर्षे तिच्यावर काढली. जोर हाच निकष असता तर हा निर्णय वेडेपणाचा ठरला असता.

८/
याच सुमारास, १८९८ मध्ये, लंडनच्या जॉन रिग्बी यांनी .४५० नायट्रो एक्सप्रेस बाजारात आणली. पुंगळी तीच, काळ्या दारूच्या काळातली, सव्वातीन इंची. आत १२० ग्रेन काळ्या दारूऐवजी ७० ग्रेन कॉर्डाइट. गोळी ४८० ग्रेनची, वेग सेकंदाला २,१५० फूट. हत्ती आणि गव्याच्या शिकारीचे सारे गणित या एका काडतुसाने बदलले.
पण पुंगळी काळ्या दारूसाठी कापलेली आणि आतली दारू तिच्यापेक्षा कितीतरी घट्ट; म्हणून वर जागा उरली. कॉर्डाइटच्या काड्या पुंगळीच्या लांबीत उभ्या राहत आणि वर चकती बसवत, त्यामुळे दारू जागची हलत नसे व टोपीची ठिणगी तिला प्रत्येक वेळी सारखीच भेटे. ती रिकामी जागा निरुपद्रवी होती ती कॉर्डाइटच्या या आकारामुळे. काड्या काढून तिथे सुटे दाणे ओता, मग तीच जागा कशी वागते ते पुढे पाहू.

९/
नळी जाड झाली की नेमके काय बदलते? .३०८ आणि .४५८ या दोन गोळ्यांच्या छेदाचे क्षेत्रफळ काढा; दुसरीचे सुमारे २.२ पट भरते. म्हणजे मोठी गोळी एक इंच पुढे सरकली की तिच्यामागे २.२ पट जागा मोकळी होते आणि दाब तितक्याच झपाट्याने पडू पाहतो. तो टिकवायचा तर दारूने वायू लवकर दिला पाहिजे. म्हणून सरळ, आखूड, मोठ्या तोंडाच्या पुंगळीला मध्यम किंवा चपळ दारू मानवते. उलट पुंगळी पोटाने मोठी, गळ्याने आवळलेली आणि गोळी जड असेल तर मंद दारू हवी, नाहीतर गोळी हलण्याआधीच दाब शिगेला पोहोचेल.
याला एक तिखट पुरवणी आहे. काळ्या दारूच्या उलट, बिनधुराची दारू दाब वाढला की अधिक वेगाने जळते. अधिक वेगाने जळली की दाब आणखी वाढतो. म्हणून चुकीच्या चालीची दारू थोडीशीच चुकत नाही. चूक स्वतःला गुणत जाते.

१०/
१८९० च्या दशकात हे लोकांना शिकावे लागले, आणि फी जबर होती. बिनधुराच्या काही दारू मुद्दाम हलक्या, फुगीर बनवल्या होत्या, काळ्या दारूच्या मापानेच भरता याव्यात म्हणून. इतर घट्ट होत्या. एकाच्या मापाने दुसरी भरली की बंदूक फुटे. त्या काळाची एक खूण अजून शिल्लक आहे : अमेरिकेत छऱ्यांच्या काडतुसांच्या खोक्यांवर "ड्रॅम इक्विव्हॅलंट" असे छापलेले आढळते, म्हणजे हे काडतूस अमुक ड्रॅम काळ्या दारूइतके. काळी दारू जाऊन शतक उलटले. तिचे माप अजून खोक्यावर बसून आहे.

११/
आता आपल्या उन्हाकडे. कॉर्डाइट तापले की दाब चढतो. रायफल इंग्लंडच्या हवेत जुळवलेली आणि साहेब एप्रिल-मे महिन्यांत मध्य प्रांताच्या जंगलात. काडतुसे उन्हात तापलेली. पहिला बार सुटतो, वाढलेल्या दाबाने पुंगळी नळीच्या घराला घट्ट चिकटते आणि बाहेर येत नाही. समोर जखमी वाघ असेल तर "जोरदार" दारूचे कौतुक करायला वेळ उरत नाही. म्हणून कारखान्यांना उष्ण देशांसाठी कमी कॉर्डाइटची वेगळी काडतुसे काढावी लागली. १९११ ची .४१६ रिग्बी पाहा. तिची पुंगळी गरजेपेक्षा मोठी वाटते ती याचसाठी. मोठ्या पोटात दाब मुळातच कमी राहतो आणि उन्हाने चढला तरी सोसतो. हिंदुस्थान आणि आफ्रिका येथील तापमान त्या पितळाच्या आकारात उतरले आहे.

१२/
ओघात एक फिरती दंतकथा निकालात काढतो. "इंग्रजांनी .४५० वर बंदी घातली, कारण ती फार शक्तिशाली होती." नव्हे. १९०७ च्या सुमारास भारत आणि सुदान येथे .४५० ची आयात रोखली गेली ती मार्टिनी-हेन्रीमुळे. लष्कराच्या त्या जुन्या रायफलीचा बोअरही .४५०, आणि तशा कितीतरी रायफली सरकारच्या नको त्या हातांत गेलेल्या. त्यांना गोळ्या मिळू नयेत, एवढाच हेतू. बंदुककारांनी काय केले? .४७०, .४६५, .४७५ असे बोअर काढले आणि बंदी वळसा घालून ओलांडली. .४७० मध्ये ७५ ग्रेन कॉर्डाइट, ५०० ग्रेनची गोळी, वेग पुन्हा २,१५० फूट. म्हणजे "फार शक्तिशाली" म्हणून बंद केलेल्या रायफलीच्या जागी तितकीच शक्तिशाली रायफल राजरोस आली. दंतकथा सांगणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहिलेले नसतात.

१३/
रिकाम्या जागेचे झाले. आता खचाखच भरण्याचे. १९५६ मध्ये विंचेस्टरने .४५८ मॅग्नम काढली. उद्देश असा की जुन्या महागड्या दुनळीचे काम साध्या बोल्टच्या रायफलीने व्हावे. त्यासाठी पुंगळी नेहमीच्या यंत्रणेत बसली पाहिजे, म्हणून ती अडीच इंचांची केली. ५०० ग्रेनची लांब गोळी आत बरीच खोल शिरते. उरलेल्या जागेत वचन दिलेला वेग गाठण्याइतकी दारू कोंबावी लागली. ती दाबून बसवलेली दारू वर्षानुवर्षे पडून राहिली की तिचा गोळा होतो आणि मग ती कधी नीट पेटते, कधी अर्धवट, अशा तक्रारी आफ्रिकेतून येऊ लागल्या. जाहिरातीतला वेगही आखूड नळ्यांतून मिळत नसे.
जॅक लॉट या अमेरिकन शिकाऱ्याला १९५९ मध्ये मोझांबिकमध्ये रेड्याने जायबंदी केले. तेव्हा त्याच्या हाती.४५८ च होती. पुढे १९७१ मध्ये त्याने .४५८ लॉट तयार केली. त्याने गोळीचा व्यास बदलला नाही. पुंगळी सुमारे ०.३ इंच लांब केली, म्हणजे दारूला श्वास घ्यायला जागा दिली. साठ-सत्तर वर्षांपूर्वी जी जागा फुकट जाते म्हणून हिणवली गेली तिचीच ही परतफेड. मला हा सगळ्या कथेतला सर्वांत सुंदर भाग वाटतो.

१४/
आता दुसरे वाक्य. साम्राज्य गेले, गिऱ्हाईक गेले आणि १९६० च्या दशकात किनोकने मोठ्या बोअरच्या काडतुसांचे उत्पादन आवरते घेतले. हजारो उत्तम दुनळ्या पोरक्या झाल्या. कॉर्डाइट मिळेना. मालकांनी घरीच भरणी सुरू केली आणि एक सोपे सूत्र तोंडोतोंडी पसरले : कॉर्डाइटच्या वजनाला अमुक अंकाने गुणा, तेवढी नवी दारू घाला.
या सूत्राचा मला राग येतो, कारण ते शास्त्राचा वेष घेऊन येते. गुणाकार दोन पदार्थांच्या उष्णतेचा हिशेब करील. चालीचा करीत नाही. उन्हाचा करीत नाही. आणि रिकाम्या जागेचा तर मुळीच नाही. कॉर्डाइटच्या काड्या उभ्या राहत. नवे दाणे पुंगळीत लोळतात. नळी खाली झुकवून बार काढला तर दारू गोळीपाशी, वर करून काढला तर टोपीपाशी, आणि दोन्ही बारांचा दाब निराळा. म्हणून जाणकार मधल्या जागेत सावरीचा कापूस किंवा फोमचे भरण घालतात, नाहीतर अशी मंद दारू निवडतात की जी स्वतःच पुंगळी भरून काढील.

१५/
"मग कमीच घालावी, म्हणजे सुरक्षित" हाही भ्रम. मंद दारू थोडी आणि पुंगळी बरीच रिकामी, अशा बारांत रायफली फुटल्याच्या नोंदी आहेत. कारण काय यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. ठिणगीने गोळी थोडी पुढे ढकलून अडकते आणि मग मागून सारा दाब येतो, असे एक मत. वाद काहीही असो, काही दारूंबाबत त्यांचे उत्पादकच बजावतात की दिलेल्या मापाच्या खाली जाऊ नका. पाणी घातले की सौम्य होते, हा न्याय दुसऱ्या दारूचा.

१६/
नावावर विसंबणाऱ्यांसाठी एक खास किस्सा. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅन्ससच्या ब्रूस हॉजडन याने २० मिलिमीटर ओर्लिकन तोफेची शिल्लक सरकारी दारू विकत घेऊन स्वस्तात विकली. ती ४८३१. मोठ्या पुंगळ्यांना ती फार मानवली. १९७० च्या दशकात ड्यूपाँटने स्वतःची ४८३१ पुन्हा बाजारात आणली. आकडा तोच. पण ही नवी दारू हॉजडनच्या दारूपेक्षा चपळ निघाली. एकाच्या तक्त्यातले माप दुसऱ्या डब्यातून घेतले तर दाब मर्यादेबाहेर जाऊ शकतो. आकडा एक आणि चाल दोन. तिथे "कॉर्डाइट म्हणजे साधारण अमुक दारू" अशी समीकरणे कुठल्या आधारावर मांडता?

१७/
दुनळीचे तर आणखीच निराळे. दोन नळ्या समांतर नसतात, पुढे किंचित एकमेकींकडे झुकलेल्या असतात. उजवी उडाली की रायफल वर आणि उजवीकडे फिरते, डावी उडाली की डावीकडे; आणि हे फिरणे गोळी नळीत असतानाच सुरू होते. कारागीर बार काढून काढून, नळ्यांमधली पाचर सरकवून, दोन्ही गोळ्या ठराविक अंतरावर एकत्र आणतो. हे जुळणे एका विशिष्ट काडतुसापुरतेच असते. वेग तोच ठेवून दारूचे वजन वाढवले तरी धक्का बदलतो, कारण नळीतून गोळीबरोबर दारूही बाहेर फेकली जाते. मग गोळ्या एकमेकींना ओलांडतात किंवा फाकतात, आणि मालक म्हणतो, म्हातारी बिघडली. ती बिघडलेली नसते. ग्रॅम राइट यांच्या 'शूटिंग द ब्रिटिश डबल रायफल' या पुस्तकाचे मोल इथे आहे : त्यांनी गुणाकारावर न विसंबता प्रत्यक्ष बार काढून मोजले.

१८/
यावर ठरलेले उत्तर येते : "आमच्या ओळखीच्याने वर्षानुवर्षे तसेच भरले, काही झाले नाही." त्या रायफलींचे पोलाद चांगले होते आणि मूळ दाब कमी होता, बऱ्याच चुका त्यांनी पोटात घातल्या. सासूने सोसले म्हणून सुनेनेही सोसावे, असा हा युक्तिवाद आहे. खरे उत्तर त्या रायफलीच्या अंगावरच आहे. दस्ता वेगळा करून नळ्यांचा खालचा भाग पाहिला तर परीक्षागृहाचे शिक्के दिसतात, त्यांत "कॉर्डाइट ७०–४८० मॅक्स" अशी अक्षरे कोरलेली असतात. ७० ग्रेन कॉर्डाइट, ४८० ग्रेनची गोळी, कमाल. इंग्लंडमधल्या त्या परीक्षकाने ७० पुरेसे मानले नाही, दारूचे नावही कोरले. नावाशिवाय तो आकडा निरर्थक आहे, हे त्याला ठाऊक होते.

१९/
शेवटी आपल्याकडची गोष्ट. जुन्या वाड्यांत, संस्थानी कपाटांत किनोकची पिवळटलेली खोकी अजून निघतात. आतली काडतुसे ऐंशी-शंभर वर्षांची. कॉर्डाइटमधले नायट्रोग्लिसरीन आणि गनकॉटन हळूहळू विघटित होत असतात, जेली ते विघटन थोपवत स्वतः खर्ची पडत असते आणि उन्हाळ्यागणिक हा खर्च वाढतो. वरून पितळ लखलखीत दिसते. आत काय उरले आहे ते सांगता येत नाही. आजोबांची आठवण म्हणून त्यांतले एखादे उडवून पाहण्याची हौस कुणी करू नये, आणि गोळी उपसून आतल्या काड्या मुलांना जाळून दाखवण्याचीही. पोलीस ठाण्याला कळवावे. नेण्याची व्यवस्था ते करतील. रिकामे खोके मात्र जरूर जपून ठेवा. त्यावर बोअर, गोळीचे वजन आणि दारूचे नाव छापलेले असेल तर त्याचा फोटो या थ्रेडखाली टाका, बंदीनंतरचे.४७० किंवा .४६५ चे खोके महाराष्ट्रात कुठे निघाले असेल तर मला ते पाहायला फार आवडेल.